तीनास एक

सावदा स्टेशनाजवळ, केळीच्या हापिसात,
लीलाधर झोपेंनी पीसीचं झाकण काढलं.
"डिस्क ठीक आहे भो. कंट्रोलर मागे पडतो."

तबकडी मिनिटाला छत्तीसशे वेळा फिरते.
हा एक सेक्टर उचलून ठेवतो न ठेवतो
तोच दुसरा हेडखालून निघून गेलेला.
मग त्या एकासाठी आख्खा फेरा थांबा.
सतरा सेक्टर, सतरा फेरे.

मला कळेना. त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं:
वॅगनच्या दारात सिकंदर तडवी घड झेलत होता.
खालच्यानं घाई केली
की घड रुळावर.

रात्रभर फॉरमॅट.
एकाच्या शेजारी आता दोन नाही, सात;
मग तेरा, मग कुठे दोन.
सतराचे तीन फेरे झाले.
सकाळी खतावणी उघडली
चहावर साय धरायच्या आत.

झोपे बोलायचेही तसेच.
एक शब्द, मग दोन शब्दांची मोकळी जागा.
मी दरवेळी त्या जागेत घुसायचो,
आणि त्यांचा पुढचा शब्द
भुसावळची पॅसेंजर जाऊन
परत येईपर्यंत यायचा नाही.