जास्वंदाची आकृती

एकोणीस वर्षं मी फळ्यावर जास्वंद काढते आहे.
पाकळ्यांना लाल खडू, परागकोशांना पिवळा,
मध्ये एक पांढरा बाण,
आणि बाणाच्या टोकाशी कुक्षी.
चार गुणांची आकृती. पेन्सिलनंच काढा.

यंदा नववी ब मधल्या इर्शाद शिकलगारनं विचारलं,
बाई, आमच्या दाराशी जास्वंद आहे,
तिला फळ का धरत नाही?

मी म्हटलं, तास संपला.
संपला नव्हता. सहा मिनिटं होती.


शाळेमागं, आंबिल ओढ्याच्या बाजूला,
पुरात पडलेल्या भिंतीचा राडारोडा तसाच होता,
त्यावर गाजरगवत, आणि कुणाचं तरी फुटकं बेसिन.
मुख्याध्यापक म्हणाले, खुशाल करा,
फक्त परवानगी लेखी मागू नका.

शनिवारी शाळा सुटली की विटा वेचायच्या.
घमेली ज्योत्स्नाच्या वडलांची, एकाला कान नाही.
माती कुठल्याशा इमारतीच्या पायातली, मुरूमच जास्त.
बेसिन काही हलेना, म्हणून ते राहिलं.

रोपांची यादी मी केली होती,
ती हौसाबाई लोंढ्यांनी कुंपणापलीकडून खोडली.
शोभेचं काय लावताय?
सब्जा लावा. कोथिंबीर लावा, आणि उपटू नका.
फुलू द्या. मग बघा.

कोथिंबीर उपटायची नाही
हे दत्तवाडीत एकेका आईला पटवताना
माझा घसा बसला.


भोपळ्याचे वेल भिंतीवर गेले.
फुलं आली, पिवळीधमक, बशीएवढी.
खाली अंगठ्याएवढा भोपळा दिसायचा,
दोन दिवसांत पिवळा पडायचा, गळायचा.
इर्शादच्या वहीत: मंगळवार, सात. बुधवार, अकरा.
गुरुवारी त्यानं मोजलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला
भालेराव शिपायांना उठवून त्यानं फाटक उघडायला लावलं.
खिशात चित्रकलेचा दोन नंबरचा ब्रश.
नर फुलातून मादी फुलाकडे जाताना
जीभ दातांत धरलेली, श्वास रोखलेला,
वाटेत पराग सांडू नये म्हणून
दुसऱ्या हाताचा आडोसा,
जसा दिव्याला करतात.

मी पहिल्यांदाच तो पांढरा बाण
चालताना पाहिला.

जास्वंदाचं मला ठाऊक नाही रे, मी म्हटलं.
चालेल, तो म्हणाला. तो कामात होता.


माश्या कुठं गेल्या, हे हौसाबाईंना माहीत होतं.
समोरच्या सोसायटीत त्या धुणीभांडी करतात.
गेल्या दिवाळीत नवव्या मजल्यावरचं आग्यामोहोळ
औषध मारून उतरवलं,
आणि पार्किंगमधला सडा
त्यांनीच सुपलीनं भरला. चार सुपल्या.
काही अजून पाय हलवत होत्या, म्हणाल्या,
आणि मग बराच वेळ कुंपणाची तार
चिमटीत धरून उभ्या राहिल्या.


कोथिंबीर फुलली तेव्हा गणपतीच्या ढोलांचा सराव चालला होता,
त्यामुळं आवाज कुणाला आला नाही.
ज्योत्स्नानं आधी पाहिलं, आणि ओरडली नाही,
नुसती हाक मारायचा हात केला.
फुलोरी. मुगाएवढी.
दुसऱ्या आठवड्यात सब्जावर सातेरी,
आणि फुटक्या बेसिनच्या नळीत
पोयाच्या माश्यांनी मेणाचं दार केलं.
बेसिन हलवायचं कुणी आता नाव काढत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी बघून गेले.
काही बोलले नाहीत. ते चांगलं की वाईट, कळलं नाही.


सहामाहीचे पेपर आज तपासते आहे.
प्रश्न चार: जास्वंदाच्या फुलाची सुबक आकृती काढा.
इर्शादनं भोपळ्याचं फूल काढलं आहे,
दोन फुलं, एक नर, एक मादी,
थोडी वाकडी.
बाण नाही. बाणाच्या जागी लिहिलंय,
सकाळी सहा ते साडेआठ.

आदर्श उत्तरात जास्वंद आहे.
लाल पेनचं टोपण मी काढलंय, लावलंय,
पुन्हा काढलंय.