इतर हक्क

कागद मशीनमधनं आत्ताच निघालेला,
अजून ऊबदार, नुकत्या पडलेल्या कोकरागत.
तलाठी म्हणाला, बाई, बसा.
खुर्ची एकच. तिच्यावर धुळा बसलेला, माझा धाकटा.
म्या दाराशी हुबी ऱ्हायले.

बापाचं नाव कंसात गेलंय.
मेलेल्या माणसाला कंसात घालत्यात, तलाठी म्हणाला.
त्याच्या खाली मायाप्पा, त्याच्या खाली धुळा.
आन् पार कडंला, इतर हक्काच्या रकान्यात,
एक विहीर, सोसायटीचा बोजा,
आन् मी.

इतर म्हंजी कोण वो भाऊसाहेब?
त्यानं चष्मा पुसला.
इतर म्हणजे... उरलेलं.

सात एकर माळ. मुरूम, तरवड, कुसळ.
आजपातुर कुत्रंबी हुंगत नव्हतं त्याला.
आता कंपनी आलीय सांगोल्याकडनं,
ऊन धरायच्या काचा घेऊन,
एकरी वर्साला भाडं,
आन् भावाच्या खिशात चार घड्यांचा मसुदा:
बहिणीनं राजीखुशीनं, कुणाच्या दबावाबिगर, हक्क सोडला.
ताये, धुळा म्हणतो, दिवाळीला पातळ चुकलंय का कधी?

न्हाई चुकलं.
हिरवं, लाल, एकदा मोरपंखी.

सरकारी मोजणी साखळीनं हुती.
माझी वाघरीनं.
एक वाघर म्हंजी एक रात.
सांजच्याला खुंट ठोकायचे, दोनशे मेंढरं आत,
सकाळी जाळं गुंडाळून दहा पावलं फुडं.
चाळीस रातींत सगळं रान लेंड्यांनी काळं.
नऊ वर्साची हुते तवापासनं खुंट माझ्याकडं, जाळं आईकडं.
बाप राखण करायचा, भाऊ शाळंत.
लांडगा कुठल्या वघळीतनं वर येतो, मला इचारा.
कुठल्या दगडाखाली इंचू, मला इचारा.
थोरली माझी झाली ती वाघरीतच,
घोडीवरनं बिऱ्हाड उतरायच्या आत,
भोवतीनं मेंढरं श्वास सोडतेली.
त्या जागंला गट नंबर हाय.
तिथं झाली म्हणून रकाना कुठं हाय?

अंगठा का सही, बाई?
सही, म्हणले.
धुळाचा जीव खाली पडला.
म्या बटवा सोडला. सुपारी, चुना, अडकित्ता,
त्याच्या खाली माझा कागद.
गटातल्या पोरीनं लिवलेला, चार येळा खोडलेला:
अर्जदार जकाबाई म्हाकू गडदे,
नाव भोगवट्याच्या रकान्यात घ्यावं.
पोच द्या, म्हणले. तारखेसकट.

पंखा फिरत ऱ्हायला.
धुळाचा फोन वाजला, त्यानं उचलला न्हाई.
मायाप्पाला काय सांगू, म्हणाला.
सांग, म्हणले, काचा बसवायच्या त्या बसवा,
पर वाटंवरची दोन एकर मोकळी ठेवायची,
वाडा जातो तिथनं दरवर्सी,
मेंढराला भाडं कळत न्हाई.
आन् पातळ दे नायतर नको देऊ,
भाऊ हायस म्हणून ये.
तो काय बोलला न्हाई.
मोटारसायकल चालू करून गेला,
मला एसटीला उनात सोडून.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली.
माण नदी कोरडी, वाळूचे खड्डे,
पोच बटव्यात, तिच्यावर गोल शिक्का,
दर मैलाला हात लावून बघत हुते.

तवा याद आलं.
सात वर्सांमागं आमच्या दारात असाच कागद हुता.
नणंद माझी, लगमाबाई, उंबऱ्यात बसून
अंगठ्याला शाई लावत हुती.
तिच्या वाटणीचं तीन एकर.
आता ते माझ्या लेकाच्या नावावर हाय.
तवा कोण काय बोललं न्हाई.
म्याबी न्हाई.
चहा म्या केला हुता.
साखर जरा जास्तच घातली हुती.

आज घरी जाऊन भाकरी टाकायच्या,
कोकरं सोडायची,
आन् लेकाला हाक मारायची.
कुठनं सुरू करावं, ते अजून ठरंना.