टोपीचा थांबा

नारिनकडे जाताना दुसरी खिंड उतरलात
की डावीकडे बघा.
टोपी दिसेल. सिमेंटची, दोन माणसं उंच.
पांढरी होती कधी काळी, आता
जुन्या दातांच्या रंगाची.
आत बाक. बाकाखाली कुणाची तरी कुत्री,
बाकावर सायराकान.

शेवटची बस आली त्या वर्षी
रूबल गेला, सोम आला,
आणि ड्रायव्हरला पगार म्हणून
दोन पोती साखर मिळाली.
ती टपावर बांधून तो घाट उतरला
तो उतरलाच.

मी दुधाचा टँकर चालवतो,
दिवसातून दोनदा जातो तिथून, म्हणून सांगतो:
ती टोपी व्हायचीच नव्हती.
राजधानीतून नकाशा आला होता गरुडाचा,
पंख पसरलेला, चोच पूर्वेला.
सिमेंट आलं अर्ध्या गरुडापुरतं.
(उरलेलं अर्धं वाटेत कुठल्या गोठ्यात जिरलं
ते सगळ्यांना ठाऊक.
गोठा अजून खणखणीत आहे.)
इशेनाली गवंडी तीन दिवस नुसता बसून होता.
चौथ्या दिवशी डोक्यावरची टोपी काढून
दगडावर ठेवली
आणि तिच्याकडे बघत बघत बांधायला लागला.
साहेब आला तपासणीला.
म्हणाला, गरुड कुठाय?
इशेनाली म्हणाला, टोपीखाली.

हल्ली लोक लांबून येतात.
जर्मन, कोरियन,
एकदा पोलंडचे नवरा-नवरी,
ती झग्याचा घोळ उचलून, तो बूट हातात घेऊन.
दारं आपटतात, काचा लकाकतात,
आणि सायराकानला हातानं खूण होते: जरा बाजूला.
ती होते.
कुरुतच्या गोळ्यांची पिशवी उचलते, झाडू उचलते,
रस्ता ओलांडून उभी राहते
पाहुण्यांचं जेवण उरकेपर्यंत
घरची बाई उभी राहते तशी.
फोटोत ती नसते.
फोटोत आभाळ, टोपी,
आणि तिनं सकाळी झाडलेली जमीन.

मी विचारलं होतं, आजी, कशाला हे?
बस तर येत नाही.
म्हणाली, बसचं बसला विचार.
माझ्या नवऱ्यानं उतार उलटा काढलाय,
पाऊस बाहेर पडायचा तो आत येतो.
चाळीस वर्षं त्याची चूक काढतेय,
निघत नाही मेली.

मग गेल्या ऑक्टोबरात तो पोर्तुगीज पोरगा, डुआर्ते.
सायकलवर.
त्यानंही तिला बाजूला केलं,
चारी बाजूंनी टोपी टिपली, आडवं पडूनसुद्धा,
आणि निघताना पायडल मारलं
तर साखळी तुटून हातात.
बर्फ भुरभुरायला लागलं होतं.
त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग बाकाकडे.
बसला.
सायराकान परत आली, शेजारी टेकली,
एक कुरुत पुढं केला.
त्यानं तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा
थंडीत फुगलेल्या दारासारखा
ना उघडेना, ना मिटेना.

पाचच्या सुमाराला मी वळणावर आलो.
इतकी वर्षं त्या टोपीखाली एकच डोकं बघायची सवय.
दोन दिसली,
आणि वाट बघणारी.
देवाशपथ, मी काही ठरवलं नाही,
पायच ब्रेकवर गेला.
नेमका थांब्यासमोर, पांढरा पट्टा होता तिथं,
जो आता फक्त तिला दिसतो.

सायकल टाकीला बांधली. पोरगा वर चढला.
मी म्हटलं, आजी, तुम्हीपण चला, बर्फ आहे.
तिनं ऐकलंच नाही.
पदराला हात पुसले—
पदर नाही, आमच्याकडं रुमाल असतो डोक्याला,
त्याचं टोक—
आणि टँकरच्या पत्र्यावर थाप मारली,
दोनदा, सणसणीत.
जाऊ दे.

तेव्हापासून वळणावर गाडी हळू करतो.
दूध हिंदकळतं, मालक बोलतो.

तर जाल तेव्हा जरूर थांबा.
फोटो काढा, ती असताना काढा.
आणि कुरुत दातानं फोडायला जाऊ नका,
तो गालात ठेवायचा असतो,
पुढची खिंड येईपर्यंत.