खोदण्याआधी

रात्री दोननंतर माझं काम सुरू होतं.
महालातली शेवटची पानटपरी मिटते,
कुत्री आपापल्या चौकात परततात,
मग सळईचं एक टोक रस्त्याला, एक कानाला.
डांबराखाली पेंचचं पाणी
कुठल्यातरी सांध्यातून निसटत असतं.
धड नळाचा आवाज भरलेला, बुटका.
गळतीचा बारीक,
दातांतून हवा ओढल्यासारखा.
एकवीस वर्षं झाली ओळखून.

पंचफुलाचा चेहरा गोल होऊ लागला
तेव्हा मी म्हटलं, भात कमी कर.
आई म्हणाली, सुख लागलं अंगाला.
पोटावर जांभळे पट्टे, मानेमागे गोळा,
हातपाय काड्या, बादली उचलली की धाप.
मी ड्यूटीवरून पहाटे यायचो
तर ही जागीच, कूलरमध्ये पाणी ओतत उभी.
दोन वर्षं, तीन डॉक्टर.
चौथ्या उधोजी मॅडम. त्यांनी फक्त तोंडाकडे पाहिलं
आणि रक्त तपासायला पाठवलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यात कुठंतरी गाठ.
कुठं, ते एमआरआयला दिसेना.
दोनदा काढला. दोनदा कोरा.

"मग कापाल कुठं?"
"पूर्वी अंदाजानं शोधायचे. कधी अर्धी ग्रंथीच काढायचे.
सापडली तर सापडली."
मी गप्प बसलो.
पाचपावलीत नंदनवारांच्या दारापुढं
मी अंदाजानं तीनदा खोदलं होतं.
पाणी चौथ्या जागी निघालं.
त्यांच्या मागाच्या खड्ड्यात आठ दिवस चिखल.

मॅडमनी पेनाहून बारीक एक दांडी दाखवली.
ही नाकातून जाईल,
खोगिरासारख्या हाडाच्या खाचेपर्यंत.
तिथं मिठाचं पाणी भरायचं,
आवाजाला मधे हवा चालत नाही.
"आवाज?"
"आवाजच. आपल्याला ऐकू न येणारा.
आपटून परत येतो, पडद्यावर उमटतो."
"अन् बाजूच्या रहदारीचं काय?"
त्या हसल्या. दोन्हीकडं मोठ्या रक्तवाहिन्या आहेत,
त्याही दिसतात, लाल-निळ्या.
तिकडं फिरकायचं नाही.

फुला म्हणाली, "यायचं काम तुमच्यावानीच दिसते."

मे महिना. धंतोली. दारावर लाल दिवा.
छतातल्या पाइपातून एसीचं पाणी थेंब थेंब,
तिसरा सांधा ढिला होता, एवढं मला कळलं.
बाकी काही कळत नव्हतं.
वॉर्डबॉयला सांगितलं तर म्हणाला,
"काका, बसा तुम्ही."

चार तासांनी मॅडम मोबाईल घेऊन आल्या.
राखाडी धुकं. काळपट ग्रंथी.
डाव्या कोपऱ्यात, खोल, एक पांढुरका दाणा.
ज्वारीचा. तोही नीट न भरलेला.
"हाच?"
"हाच वाटतो. पक्कं उद्याचं रक्त सांगेल.
तेवढाच काढला, बाकी सगळं तसंच ठेवलं."

बाकी सगळं तसंच ठेवलं.
आमच्या खात्यात हे वाक्य
आजवर कुणी बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगातला जोरच ओसरला.
पेला धरवेना. मी घाबरलो.
मॅडम रिपोर्ट पाहून म्हणाल्या, हेच हवं होतं.
नाकात बोळे, तोंडानं श्वास,
भर दुपारी फुला झोपली,
सलग पाच तास.
मी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

काल पाचपावलीतून पुन्हा तक्रार आली.
साहेब म्हणाले, खोदून पाहा.
मी सळई पुसली, रस्त्याला टेकवली.
म्हटलं, थांबा जरा.
तो ट्रक जाऊ द्या.