पथारी

डिसेंबर लागला की आमचं मैदान लाल होतं.
व्यापारी शाळेला भाडं मोजतो, पावती घेतो,
आणि पेनल्टी कॉर्नरच्या चुन्यावर
वीतभर जाडीची मिरची पसरते
थेट धुळे रस्त्याच्या कडेपर्यंत.
गोलचे दोन खांब तेवढे उभे,
बुजगावण्यासारखे, अंगात जाळीही नाही.
नाझिया मन्यार म्हणते, सर, आता मिरचीच गोलकीपर.

मग आम्ही बाजार समितीच्या शेडमध्ये.
पहाटे साडेपाच, टेम्पो यायच्या आत.
सिमेंटचा ओटा, चाळीस पावलं लांब, अठरा रुंद.
दोन पिंप पाणी मारलं की चेंडू असा पळतो
की मुरमावर वाढलेल्या पोरींना घाम फुटतो.
मुरमात चेंडू उसळतो, खोटं बोलतो,
तिथे डोळा तयार होतो.
इथे मनगट.
एवढंच माझं शास्त्र. बाकी टाचा उचला, गुडघे वाकवा,
आणि ठसका लागला तर तोंड फिरवून खोका.

ठगू भोई. हजेरीत वैशाली.
आधीची दोन गेली म्हणून आईने घरात हे नाव ठेवलं,
म्हणजे मरण फसेल.
मरणाचं मला माहीत नाही,
पण डावा खांदा दाखवून ती उजवीकडून निघते
तेव्हा तीन जणी रिकाम्या हवेला अडवत असतात.

पुण्याहून साहेब आले होते. पट्टी, शिट्टी, स्टॉपवॉच.
तिचं मनगट मोजलं, उडी मोजली,
दात बघायचे तेवढे राहिले.
म्हणाले, आत्ताच द्या, तेरा म्हणजे बरोबर वय.
वसतिगृह, दूध, अंडी, निळं टर्फ.
पंधराव्या वर्षी हात आखडतो, मग काय उपयोग.
बरोबरच आहे त्यांचं.
मी याआधी चौघांना पाठवलं.
एक रेल्वेकडून खेळते. दोघांचा पत्ता नाही.
चौथा, सायसिंग, दोंडाईच्याच्या पंपावर आहे,
नळी धरताना अजून गुडघे वाकवून उभा राहतो.
मी पेट्रोल भरायला तिकडे जात नाही.

फॉर्म घेऊन पथारीवर गेलो.
इंजूबाई देठ खुडत होती, बोटांना तेल,
हात अंगापासून लांब, जणू दुसऱ्या कुणाचे.
मी सगळं सांगितलं, दूध-अंडीसुद्धा.
तिने एक मिरची समोर धरली.
"देठ तोडं का मिरची टिकस नही, सर.
मंग लगेच दळनी पडस."
मी म्हणालो, "तू तर दिवसभर तेच करतेस."
"मजुरी शे ती," ती म्हणाली.
"हाई मनी पोर शे."

फॉर्म मात्र तिने घेतला, घडी घालून, कोपऱ्याने धरून.

दुसऱ्या पहाटे ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली.
एक चेंडू सुटला, तो तिने तळपायाने थांबवला,
कोंबडीला अडवावं तितक्या सहज.
पोरी टाळ्या पिटायला लागल्या. ठगूने नाही.
"तठे पानी कोन मारस?" तिने विचारलं.
मी म्हणालो, "मशीन."
ती हसली की खोकली, कळलं नाही.

आज शुक्रवार. सोमवारी मुदत संपते. फॉर्म आलेला नाही.
उलट्या काठीने चेंडू ओढणं
मी ठगूला शिकवलं नव्हतं,
तिकडचे शिकवतील म्हणून ठेवून दिलं होतं.
आज शिकवलं.
पाणी कमी पडलं, ओटा अर्धाच ओला,
कोरड्या पट्ट्यात चेंडू अडकतो तिथे ती दोनदा चुकली,
तिसऱ्यांदा चुकली आणि रागाने माझ्याकडे बघितलं.
बाहेर पहिल्या टेम्पोने हॉर्न दिला.
मी म्हटलं, अजून एकदा.