सोमवारपर्यंत

झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं.
म्हटलं, तीन प्रती, बाबा, आजच हव्यात.
त्याने फोटो पाहिले, पाठीचे, मांडीचे,
आणि पैसे घेतले नाहीत.

म्हापशाच्या कोर्टात कारकुनाने विचारलं,
मुलाशी नातं?
आत्या.
प्रतिवादी?
ज्याला मी शापोऱ्याच्या पाण्यात पोहायला शिकवलं
हनुवटीखाली हात धरून,
त्याचं पूर्ण नाव लिहिलं.
मधल्या नावापाशी पेन अडलं जरा.
ते माझ्याही बापाचं.

पावणेसातला सही झाली.
ताबा तात्पुरता, सोमवारी अकरापर्यंत.
शिक्का ओला होता. मी फुंकर घातली.

कृपेश पोलीसबाईच्या जीपमधून उतरला,
हातात शाळेची बाटली, रिकामी.
रडला नाही.
घरी पेज दिली, खाल्ली. सुकी सुंगटं तेवढी बाजूला सारली.

आणि सँडल घालूनच झोपला,
पट्टे आवळून,
धुतल्या चादरीवर चिखल.

काढायला वाकले
तसे झोपेतच पाय पोटाशी ओढले त्याने.

राहू दे.
फोन पालथा ठेवलाय. सारखा थरथरतोय.
मीही उंबऱ्याशी बसलेय, चपला पायात.
आज शुक्रवार.