वार

नोंदवहीत एक रकाना आहे : वार.
नव्या पोरीनं पहिल्याच दिवशी
त्यात सरळ लिहून टाकलं, मंगळवार.
हसलो आम्ही. मग मी तिला आत नेलं.
ट्रेमध्ये होती ती, अजून कोमट,
भाकरीएवढी, जांभळी,
नाळ मधोमध नाही, एका कडेला.
'ही वार. अर्ध्या तासात वजन व्हायला हवं.'

परळच्या या तळघरात
सात वर्षं वारा तोलतेय मी.
अनेकवचन तसंच होतं, काय करणार,
नवरा म्हणतो, पगार तरी वाऱ्याचा देतात का!

चारशे ग्रॅम, साडेचारशे.
कधी तीनशे दहा, आणि खडू सांडावा तसे
पांढरट डाग : तिथं रक्त पोचलंच नाही.
बाईचं बीपी आठव्या महिन्यात का चढतं
एवढंच विचारायचंय आम्हाला.
उत्तर अजून नाही.
उणे ऐंशीच्या फ्रीजरात नखाएवढे बाराशे तुकडे आहेत
आणि लाइट गेली की मी
जनरेटरच्या आधी जिना उतरते.

संमतीपत्रक पाच पानांचं.
दीक्षा खरटमलनं सगळं ऐकलं,
मग म्हणाली, 'ह्याचा मला काय उपयोग?'
तिसरं पान सोडून मी खरं सांगितलं :
तुला नाही. झालाच तर नंतरच्या कुणाला.
'मग घ्या,' म्हणाली,
शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसं.

अडल्या त्या सासूबाई.
हौसाबाईंना उरलेली परत हवी होती, पुरायला.
'पिवळ्या पिशवीत जाते ती, मावशी. नियम आहे.'
'नऊ महिने पोसलं तिनं पोराला,
आणि पिशवीत?'
मानखुर्दला सातव्या मजल्यावर
पुरणार कुठे तुम्ही?
'रंगाच्या डब्यात. ओवा लावलाय त्यात.'

पुढे काय झालं
ते या वहीत नाही.

माझ्या आईची वार आतच अडकली होती,
धाकट्याच्या वेळी, माणगावला.
सुईण म्हणाली, पडेल, थांबू.
रक्त किती गेलं कुणी मोजलं नाही,
चादरी मोजल्या. चार.
मुलाखतीत विचारलं होतं, हेच काम का?
मी म्हटलं, घरापासून जवळ आहे.

आज चारशे साठ. नाळ मधोमध,
डाग एकही नाही.
अशी चांगली दिसली की हात जरा रेंगाळतो तिच्यावर.
मग तुकडा, कुपी, क्रमांक.

वरून फोन. अजून एक येतेय.
हातमोजे बदलते.